दुसऱ्यांच्या तोंडचा धूर

घरातल्या पुरुषांचे शर्ट अंजना वासावरून ओळखायची. सासऱ्याच्या शर्टाला बिडीचा जळकट वास. नवऱ्याच्या शर्टाला मिलिटरी कॅन्टीनमधल्या सिगारेटींचा. पोरगा कॉलेजात जायला लागल्यावर त्याच्या शर्टाला वेलदोड्याच्या गोळीचा वास येऊ लागला, आणि त्या गोळीखाली लपवलेला दुसरा वास तिला पहिल्याच दिवशी कळला. तिन्ही पिढ्यांचे शर्ट तिनं आधी दगडावर आपटून धुतले, नंतर मशिनमध्ये फिरवले. कपड्यातला वास साबणानं गेला. तिच्या छातीत बसलेला गेला नाही.

तिचं माहेर वाईचं. वडील एसटीत कंडक्टर होते. गाडीत कुणी बिडी पेटवली की ते घंटी मारून गाडी थांबवायचे आणि ती विझेपर्यंत पुढं हलू द्यायचे नाहीत, मग तो माणूस कितीही मोठा असो. घरात तंबाखूचा कण नव्हता. अशा घरातली पोरगी लग्न होऊन आली ती इस्लामपूरच्या पलीकडं, उसाच्या रानातल्या गावात. बागायती जमीन, नवरा फौजेत. वाईचे लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं.

सासरच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चूल एका कोपऱ्यात आणि चुलीच्या उबेला तात्याबांची बाज दुसऱ्या कोपऱ्यात. तात्याबा म्हणजे सासरे. गुडघे धरतात म्हणून ते तिथंच बसायचे, तिथंच ओढायचे. नाथाजी सुट्टीवर आला की बाप-लेक समोरासमोर बसून ओढायचे, एक बिडी, एक सिगारेट, आणि मध्ये अंजना भाकरी थापायची. पुढं तात्याबा गेले. स्लॅबचं घर झालं, गॅस आला. नाथाजी हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आला आणि हॉलमधल्या सोफ्यावर बसला. डास येतात म्हणून संध्याकाळी खिडक्या लावलेल्या, टीव्ही चालू, आणि ॲश-ट्रे भरला की हाक, "अंजे, हे वत गं जरा."

ती खोकायची. पाचटाची धूळ असेल, फोडणीचा ठसका असेल, बायकांना खोकला असतोच, असं सगळे म्हणायचे. मेडिकलमधून लाल औषधाची बाटली यायची.

मग नाथाजीच्या छातीत कळ आली. स्टेन्ट बसला आणि त्यानं सिगारेट सोडली. सोडली हे खरं. पण त्या महिन्यांत त्यानं काय काय केलं ते अंजनालाच माहीत. आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. रिमोट सापडेना म्हणून शिव्या दिल्या. ती बडीशेपेची डबी घेऊन त्याच्या मागं मागं फिरली. रात्री त्याला झोप यायची नाही म्हणून हीही जागी राहिली. नंतर ग्रामसभेत त्याचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. सरपंच म्हणाले, फौजी माणसाचा निर्धारच वेगळा. तेव्हापासून तालुक्यातल्या शाळा त्याला व्यसनमुक्तीवर बोलायला नेऊ लागल्या. अंजना सत्काराच्या वेळी बायकांच्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवताना तिला ठसका लागला, तर शेजारणीनं पाण्याची बाटली पुढं केली. बस, तेवढंच.

गेल्या वर्षी तिला गच्चीवर सांडगे घेऊन जाता येईना. पाचव्या-सहाव्या पायरीवर ती कठड्याला धरून उभी राहायची. वय झालं, असं तिलाही वाटलं. चौपन्न हे काय वय असतं, असं तिला कुणी विचारलं नाही. शेवटी एकदा ती भर बाजारात खाली बसली तेव्हा नाथाजीनं तिला सांगलीला, विश्रामबागच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथं तिला नळीत फुंकायला लावलं. "जोरात काकू, अजून, सोडू नका, अजून." तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि नाथाजीकडं वळून विचारलं, "किती वर्षं ओढत होता?"

नाथाजी ताठ बसला. "सोडून सात वर्षं झाली, मॅडम. एका झटक्यात सोडली. गावानं सत्कार केला माझा."

"चांगलं केलंत. पण रिपोर्ट तुमच्या बायकोचा आहे. म्हणून विचारते, घरात बसून किती वर्षं ओढलीत?"

नाथाजीनं शर्टाची कॉलर नीट केली. बाईंनी मग अंजनाला विचारलं. चूल किती वर्षं होती, घरात आणखी कोण ओढायचं, खिडक्या होत्या का. अंजनानं सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही स्वतः? कधी?"

"न्हाई," अंजना म्हणाली. म्हणताना तिची जीभ अडखळली.

बाईंनी समजावून सांगितलं. हा साधा दमा नाही. फुप्फुसाचं जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलंय ते जपायचं. रोज तोंडात औषधाचा पंप घ्यायचा आणि धुराजवळ फिरकायचं नाही.

बाईंच्या मागं भिंतीवर एक मोठा तक्ता होता. धूम्रपान कोण करतं, वयाप्रमाणं. निळे खांब पुरुषांचे, गुलाबी बायकांचे. निळे खांब उंचच उंच, गुलाबी खांब जमिनीपासून जेमतेम बोटभर वर. अंजना बराच वेळ तिकडं बघत होती.

"मॅडम, ह्यात मी कुठं?"

"तुम्ही नाही त्यात. तो ओढणाऱ्यांचा तक्ता आहे, काकू."

"म्हंजे आजारी मी, आनी तक्त्यात हे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हो. माझ्याकडं दम लागून येणाऱ्या कितीतरी बायकांनी कधीच ओढलेली नसते. त्यांचा तक्ता ह्या भिंतीवर नाही."

परतीच्या गाडीत आष्टा गाव मागं पडल्यावर नाथाजी म्हणाला, "चुलीमुळंच झालं असंल बग."

अंजनाच्या अंगाचा भडका उडाला. "त्या चुलीवरचं कोन जेवलं? मी एकटी?" तिला अजून बरंच बोलायचं होतं. दम पुरला नाही. दम पुरत नाही म्हणून गप्प बसावं लागतं, याचा राग तिला आजाराच्या रागापेक्षा मोठा होता.

भाद्रपदात गौरी-गणपतीला शिवांजली पुण्याहून आली. शिवांजली म्हणजे धाकटी लेक, हिंजवडीला कंपनीत नोकरीला, सव्वीस वर्षांची. दारातच तिनं आईला मिठी मारली. पुदिन्याची गोळी, वर परफ्यूम आणि खाली तोच वास. इतक्या शर्टांतून हुंगलेला वास तिला आता लेकीच्या केसांत सापडला. सण होऊ दे, मग बोलू, असं तिनं ठरवलं आणि पुरणाला लागली.

पण गौरी गेल्या त्या संध्याकाळी ऋषिराज, तिचा मोठा मुलगा, फोन हातात घेऊन तणतणत आत आला. त्याच्या कुणा मित्रानं पुण्यातला फोटो पाठवला होता. चहाच्या टपरीवर चार पोरं, मध्ये शिवांजली, आणि तिच्या बोटांत सिगारेट.

"बगा, पप्पा! बगा तुमच्या लेकीचे धंदे! गावभर फिरतोय ह्यो फोटू." फोन पुढं करणारा ऋषिराज आत्ताच चौकातून ओढून आला होता. अंजनाला ते स्वयंपाकघरात वासावरून कळलं.

नाथाजीनं फोटो बघितला आणि तो उठून उभा राहिला. "लाज न्हाई वाटली? पोरीच्या जातीला हे शोभतं? उद्या तुला कोन पदरात घील?"

"पप्पा, दादा रोज पाकीट संपवतो," शिवांजली म्हणाली. "गच्चीवर तुम्ही दोघं मिळून ओढायचात. काडी तुम्ही द्यायचात त्याला. तेव्हा लाज कुठं होती?"

"मी पुरुष हाय!" ऋषिराज ओरडला आणि त्यानं हात उगारला.

अंजना मध्ये आली. हाताला कणीक तशीच. ऋषिराजचा हात वरच राहिला.

"तू मधी पडू नगंस," नाथाजी म्हणाला. "ह्या घरातल्या बाईनं आजवर बिडी तोंडाला लावली न्हाई. पयली ही निघाली."

अंजना त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, हा माणूस खरंच विसरला. नाटक नाही, खरंच विसरला.

"लावली," ती म्हणाली. "मी लावली."

कुणाला कळेना ती काय बोलते. शिवांजली आईकडं वळली.

"तुज्या आज्ज्याच्या अंगावरनं वारं गेलं तवा ऋषी माज्या पोटात हुता," अंजना लेकीला सांगू लागली, पण डोळे नवऱ्यावर होते. "तात्याबांचं तोंड वाकडं झालं. बिडी पेटवायला वढाय तर लागतंय, आनी त्यांना जोर लावून वढता यीना. सासूबाई म्हनल्या, सूनबाई, तूच पेटवून दे, म्हाताऱ्याची शेवा हाय. मी बिडी तोंडात धरायची, लाल हुईस्तोवर वढायची, आनी मग त्यांच्या तोंडात द्यायची. सकाळी उठल्यापास्नं. गरवारपनात वकाऱ्या यायच्या, तरी वढायची. ते मरूस्तोवर वढली मी. सुट्टीवर आल्यावर ह्यांनी बघितलं. आनी काय म्हनलं ठावं हाय?"

ती थांबली. श्वास वर चढला होता. तिनं दाराची चौकट धरली, पदराच्या गाठीतून पंप काढला, तोंडात धरून दाबला आणि डोळे मिटून श्वास आत धरला. सगळे तिच्या श्वासाची वाट बघत उभे होते.

"हसलं," ती म्हणाली. "म्हनलं, बाबा लय खूश हायत तुज्यावर."

नाथाजी सोफ्यावर बसला. "अगं, ते येगळं हुतं..."

"काय येगळं? बिडी तीच, तोंड बाईचंच. तुमी दिली म्हनून शेवा झाली. तिनं तिच्या हातानं घेतली म्हनून घराची अब्रू गेली. माजी छाती जळली ती कुनाच्या अब्रूत धरायची? दवाखान्यात मी 'न्हाई' म्हनले, मॅडमना खोटं बोलले. कुनासाठी? तुमी शेजारी बसला हुता म्हनून!"

ऋषिराज म्हणाला, "आये, पर ते दिवस गेलं आता."

"दिवस गेलं? तू आत्ता चौकातनं वढून आलास. ह्या घरात." तिनं फ्रीजशेजारी उभ्या असलेल्या सोनमकडं बोट केलं. सोनम म्हणजे ऋषिराजची बायको. तिला पाचवा महिना होता. "हिच्या पोटात हाय त्येला कुनी इचारलंय? का त्येनं बी वढायचं, तू वढतोस म्हनून?"

सोनमनं मान खाली घातली, पण तिनं नाकाला पदर लावला. इतके दिवस ती नवऱ्यासमोर तसं करत नव्हती.

शिवांजलीला वाटलं, आई आपल्या बाजूनं उभी राहिली. ती जवळ आली आणि तिनं आईचा हात धरला. अंजनानं तो झटकला.

"आनी तू. तू काय मोठा पराक्रम केलास? माजी ही दशा बघतीस आनी तेच तोंडाला लावतीस? ह्यांनी वढली म्हनून मी पन वढनार, हे तुजं शिक्षान?" मग ती सगळ्यांकडं वळली. "आजपास्नं ज्येच्या अंगाला धूर, त्येनं ह्या घरात झोपायचं न्हाई. पोरगा असू दे न्हाईतर पोरगी."

"आई, मी पण?"

"तू बी."

ऋषिराज शिव्या देत अंथरूण घेऊन रानातल्या मोटरीच्या खोलीत गेला. शिवांजली दाराबाहेरच्या ओट्यावर रडत झोपली. नाथाजीनं पोरीला तरी आत घे म्हणून दोनदा सांगितलं. अंजनानं दाराला आतून कडी लावली. पलंगावर पडल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. छातीत नुसती आग होती, आणि ही आग धुराची नव्हती.

सकाळी अंजना नळावर पाणी भरताना शिवांजली सुजलेल्या डोळ्यांनी तशीच शेजारी येऊन बसली.

"आई, मी मिरवायला नाही ओढत," ती म्हणाली. "आमच्या टीममधले सगळे चहाला खाली जातात, ओढायला. साहेबही तिथंच. कुणाला कुठलं काम द्यायचं, कुणाला पुढं काढायचं, सगळं तिथं बोलतात. मी वर बसून राहिले की मला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून जायला लागले. नुसतं उभं राहिलं की लांबचीच राहते मी."

अंजनानं नळ बंद केला. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तिला पोरीवर आणखी चिडायचं होतं आणि आता नेमकं कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून ती जास्तच चिडली. इंजिनियर होऊन, स्वतःचा पगार आणून पोरगी शेवटी उभी कुठं होती, तर पुरुषांच्या धुरात. चूल नाही, बाज नाही, काचेची मोठी बिल्डिंग, आणि तरी तेच.

"त्या साहेबाला सांग," ती म्हणाली, "माज्या आईला दम लागतोय."

"त्याला काय त्याचं, आई."

"ते खरं." घागर तिनं उचलली नाही. उचलता येत नव्हती. शिवांजलीनं उचलली.

गावात चार दिवस चर्चा झाली. नाथाजी फौजीच्या बायकोनं पोराला घराबाहेर काढलं म्हणून लोक हसले. ऋषिराज ओट्यावर जेवायचा, फणकाऱ्यानं ताट सरकवायचा. दोन-अडीच महिन्यांनी थंडी पडली तसा तो वळणावर आला. सोडली नाही. पण चौकात ओढतो, घरी येऊन मोरीवर हात-तोंड धुतो, शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकतो आणि मग आत येतो. सोनम आता तो शर्ट धूत नाही. त्याचा तो धुतो. अंजनाला हे पुरेसं वाटत नाही, आणि ती तसं त्याला तोंडावर सांगते.

शिवांजली दिवाळीला आली तेव्हा वास नव्हता. सोडली म्हणाली. अंजनानं मिठी मारताना लेकीचे केस हुंगले आणि शिवांजलीला ते कळलं. लेकीला असं हुंगावं लागतं, या गोष्टीचा अंजनाला राग आला आणि तो जायला बरेच दिवस लागले.

नाथाजीला एका शाळेनं पुन्हा भाषणाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला तेव्हा अंजना दारात उभी राहिली.

"बिड्यांचं सांगनार का पोरांना?"

"कुठल्या बिड्या?"

"मी वढलेल्या."

"घरातलं भायेर कशाला सांगायचं?" तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. परत आला तेव्हा हातात गुलाबाचं फूल होतं. त्यानं ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं. अंजनानं जेवायला वाढलं, पण पंधरवडाभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर तो कुठल्या शाळेत गेला नाही.

पौषात तपासणीला ती पुन्हा विश्रामबागला गेली. या वेळी तिनं डॉक्टरीणबाईंना बिड्यांचं सगळं सांगितलं. नाथाजी शेजारीच होता. बाईंनी ते लिहून घेतलं. नंतर नाथाजी मेडिकलपुढच्या रांगेत थांबला आणि ती एकटी बाहेर आली. आत बाकांवर बायका बसल्या होत्या, तिच्या वयाच्या, काही तरुण, पदराआड खोकणाऱ्या. बाहेर फाटकाशेजारच्या झाडाखाली चार पुरुष उभे होते. धूर सरळ दवाखान्याच्या दाराकडं येत होता.

ती त्यांच्यापर्यंत चालत गेली. वीस-पंचवीस पावलांत तिला धाप लागली. पांढरी टोपी घातलेला एक चाळिशीचा माणूस पुढंच होता.

"तुमची बायकू आत हाय का?"

तो गोंधळला. "व्हय. का वं, काकू?"

"काय झालंय तिला?"

"दम लागतोय जरा."

"आनी तुमी हितं काय करताय?"

"भायेर तर वढतोय," तो म्हणाला. मागचे दोघे हसले.

अंजनाला त्यांना खूप बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण धूर नाकात गेला आणि ठसका आला. ठसक्यावर ठसका. तिनं झाडाचा बुंधा धरला. टोपीवाल्यानं धावत जाऊन चहावाल्याचं स्टूल आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. दुसऱ्या हातात सिगारेट तशीच होती.

"बसा काकू, बसा."

तिनं नकाराची मान हलवली. बोलता येत नव्हतं. तिनं त्याच्या बोटांकडं बोट केलं. त्यानं बघितलं, सिगारेट खाली टाकली आणि चपलेनं विझवली. ती तशीच उभी राहिली, मागच्यांकडं बघत. एकानं टाकली. दुसऱ्यानं टाकली. एक जण काही न बोलता रस्त्यापलीकडं निघून गेला, ओढतच.

मग अंजना बसली. टोपीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो घेतला, दोन घोट प्यायली आणि त्याला म्हणाली, "आता आत जावा. बायकूजवळ बसा."

तो गेला की नाही, हे तिनं मान वळवून बघितलं. गेला. तिनं पंप काढून तोंडाला लावला.